दामले यांचे ध्वनिमुद्रण आणि सुरुवातीचे बोलपट

शहापूरकर (बेळगाव) : नमस्कार. कोल्हापूर आमच्यापासून तीन-एक तासांवर, त्यामुळे घरात तिथल्या प्रभात फिल्म कंपनीच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. विष्णुपंत दामले यांना सगळे 'संत तुकाराम'चे (1936) एक दिग्दर्शक म्हणून ओळखतात. पण 1932 च्या 'अयोध्येचा राजा'चे ध्वनिमुद्रणही त्यांचेच, हे फारसे कोणी बोलत नाही. नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस ध्वनीकडे कसा वळला आणि ते काम नेमके कसे चालत असे?

निपाणीकर : कोल्हापुरात मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली दामले आणि इतर मंडळी घडली. त्यांना यंत्र उघडून पाहिल्यावाचून चैन पडत नसे, पेंटरांचा कॅमेरासुद्धा घरीच बनवलेला. त्यामुळे बोलपट येताच प्रभातच्या भागीदारांपैकी दामले ध्वनीकडे गेले, याचे मला तरी नवल वाटत नाही. मुंबईत 'आलम आरा' (1931) या पहिल्या भारतीय बोलपटाच्या वेळी विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तंत्रज्ञ आले होते, पण पुढे ध्वनिमुद्रण खुद्द दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांनीच रुस्तम भरूचा यांना हाताशी घेऊन केले. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता, म्हणून गाड्या थांबल्यावर, रात्री एक ते चारच्या दरम्यान, चित्रण होई. टॅनार नावाच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर उतरत असत, आणि खरी डोकेदुखी तीच.

खानापूरकर ऑपरेटर : निपाणीकर काका, ती डोकेदुखी मी प्रोजेक्टरवर बसून पाहिली आहे. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी तिच्या चित्रापेक्षा 20 चौकटी पुढे असते, कारण आवाज वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीच्या खाली बसवलेला असतो. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर हे अंतर जवळपास सेकंदभराचे झाले. अशा एकाच निगेटिव्हवर कात्री चालवली की चित्र एका क्षणाचे तुटते आणि आवाज भलत्याच क्षणाचा, त्यामुळे दृश्याची लांबी जागेवरच ठरवून घ्यावी लागत असणार. जत्रेतल्या तंबूत तुटकी फिल्म जोडताना आम्हीही चित्र सांभाळायचो, पण जोड दिव्यासमोरून गेला की कर्ण्यातून 'टक्' असा आवाज यायचाच. त्यावर एकच उपाय होता : आवाजाच्या पट्टीवर, बरोबर जोडावर, काळ्या शाईचा त्रिकोण रंगवायचा, म्हणजे उजेड एकदम न तुटता हळूहळू कमी होतो आणि हळूहळू परत येतो.

शहापूरकर (बेळगाव) : दादा, चौकोन का नाही चालत?

खानापूरकर ऑपरेटर : चौकोनाची कड सरळ असते, त्यामुळे उजेड तिथेही एकदम तुटतो आणि एकाऐवजी दोनदा 'टक्' ऐकू येते.