विमानावरच्या फील्ड मिलचा आकडा ढगाचा की विमानाचा?

मृद्गंध: लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी फील्ड मिलबद्दल, म्हणजे फिरत्या पात्याने हवेतलं विद्युतक्षेत्र मोजणाऱ्या यंत्राबद्दल, वाचतेय. जमिनीवरचं यंत्र समजलं. पण नासाचं ईआर-२ विमान सुमारे २० किमी उंचीवरून, वादळाच्या डोक्यावरून जात विद्युतक्षेत्र मोजतं म्हणे. विमान धातूचं, त्यात स्वतःच भारित होणारं. मग मोजलं ते नक्की कोणाचं?

रोटरवाला: दोघांचं, ताई! म्हणून तर एका मिलने भागत नाही. तीन दिशांची तीन क्षेत्रं आणि चौथा विमानाचा स्वतःचा विद्युतभार. चार अज्ञात, म्हणजे निदान चार मिल हव्यात. विमानाच्या भारामुळे सगळ्या मिल एकाच चिन्हाचा आकडा दाखवतात. ढगाचं उभं क्षेत्र मात्र पाठीवरच्या आणि पोटाखालच्या मिलला उलट चिन्हाचं दिसतं. तिथून सुटतं गणित.

खरी कटकट कॅलिब्रेशनची, म्हणजे कुठल्या मिलचा आकडा किती धरायचा हे ठरवण्याची. विमानाच्या आकाराने क्षेत्र कुठे दाटतं, कुठे विरतं. मग निरभ्र दिवशी विमान डावी-उजवीकडे कलवायचं, नाक वर-खाली करायचं आणि कुठली मिल किती हलते ते टिपायचं. वैमानिकाला काय वाटत असेल देव जाणे.

आणि रोटरचं, म्हणजे फिरत्या पात्याचं, अर्थिंग विसरू नका. बेअरिंगमधलं ग्रीस संपर्क तोडतं आणि आकडे नाचायला लागतात. शाफ्टवर कार्बन ब्रश टेकवायचाच.

कुंद_हवा: ईआर-२ ढगाच्या वरून जातं. नासाच्या लँगली केंद्राचं एफ-१०६बी विमान सरळ ढगात घुसायचं. १९८० ते १९८६ मध्ये त्याने ७१४ वेळा वीज अंगावर घेतली.

मृद्गंध: बापरे! एवढी वीज नेमकी त्याच्यावरच कशी पडली?

रोटरवाला: पडली कुठे, बहुतेक वेळा त्यानेच ओढवली. नाक, पंखांची टोकं इथे क्षेत्र एकवटतं आणि ठिणगी तिथूनच निघते. रॉकेटचंही तेच. १४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ वर उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत दोनदा वीज पडली. १९८७ मध्ये अ‍ॅटलस-सेंटॉर तर विजेनेच गेलं. त्यानंतर रॉकेटं सोडतात त्या केनेडी केंद्राभोवती मिल लावलेली विमानं ढगांतून फिरवली, कुठल्या ढगातून रॉकेट सोडायचं नाही हे ठरवायला.

मृद्गंध: धन्यवाद काका. म्हणजे आमची मिल गच्चीवर पावसात...

रोटरवाला: अजिबात नको! घरातच ठेवा. प्लास्टिकची पट्टी केसांवर घासून समोर धरा, आकडा हलतो. मग रेशमावर घासलेली काच धरा आणि चिन्ह बदलतं का ते तिलाच बघू दे.