खरं असलं तरी ती 'निंदा'च का? 'लाशोन हारा'ला मराठी शब्द हवा आहे

ठाण्याची अनुवादक

दोन महिन्यांपासून एका लहानशा पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. विषय आहे ज्यू धर्मातले बोलण्याचे नियम. पहिल्याच पानावर अडले, म्हणून इथे विचारते.

हिब्रूत 'लाशोन' म्हणजे जीभ आणि 'रा' म्हणजे वाईट. 'लाशोन हारा' म्हणजे शब्दशः वाईट जीभ. व्याख्या मात्र नेमकी आहे: एखाद्याला कमीपणा आणणारी किंवा त्याचं नुकसान करणारी गोष्ट, ती खरी असतानाही, दुसऱ्याला सांगणं. खोटं सांगितलं तर त्याला वेगळं नाव आहे, 'मोत्सी शेम रा', म्हणजे वाईट नाव बाहेर काढणारा. 'तो तुझ्याबद्दल असं म्हणाला' हे ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्यालाच जाऊन सांगणं म्हणजे 'रखिलूत'. बाराव्या शतकात मैमोनिदेस या ज्यू धर्मशास्त्रकाराने हे तीन कप्पे नीट वेगळे करून ठेवले आहेत.

मी 'लाशोन हारा'ला 'निंदा' लिहिलं. पुस्तिकेत उदाहरण आहे की शेजाऱ्याचं दुकान पूर्वी एकदा बुडालं होतं, हे खरं आहे, आणि तुम्ही ते त्याच्या नव्या भागीदाराला सहज गप्पांत सांगता. मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी समासात लिहिलं, 'खरं आहे तर निंदा कशी? इथे बदनामी हवं, आणि वाक्यात खोटी हा शब्द घाला.' तो शब्द घातला तर सगळा नियमच उलटा होतो. काय करू?

जुना शब्दकोश

ताई, तुमच्यासाठी शब्द तयारच आहे: पैशुन्य. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुण सांगताना 'शान्तिरपैशुनम्' म्हटलंय. पिशुन म्हणजे दुसऱ्याचं वर्म तिसऱ्याकडे उघडं करणारा. ते वर्म खरं की खोटं, हा प्रश्नच त्यात नाही. आपल्याकडे इतका काटेकोर शब्द पडून असताना 'गॉसिप'च्या मागे का धावायचं?

माणदेशी

'गॉसिप' इथे कुणीच सुचवलेलं नाही, काका. आणि पैशुन्य माझ्या आईला वाचून दाखवलं तर ती पैशाबद्दल काहीतरी आहे असंच समजेल. पुस्तिका लोकांसाठी असेल तर लोकांचे शब्द घ्या. ते काही कमी नाहीत, फक्त प्रत्येकाची दिशा वेगळी आहे.

चुगली वर जाते. मास्तरांकडे, साहेबांकडे, सासूकडे. बरोबरीच्या माणसाकडे कुणी चुगली करत नाही. लावालावी आडवी जाते, दोन जावांमध्ये, दोन भावांमध्ये, आणि तिच्यात कुणीतरी तुटतंच. तुमचं रखिलूत म्हणजे तंतोतंत लावालावी, त्यावर दुसरं मत असूच नये. कुचाळकी पारावर बसून होते, तिला ठरावीक शिकार लागत नाही. कान भरायला मात्र कान देणारा लागतो. हे सगळं सोडून एकच भारदस्त शब्द शोधायचा म्हणजे पाच भांडी मोडून एक हंडा करण्यासारखं आहे.

बेळगावचा

चहाडी राहिली की. आमच्याकडे 'चाडी' म्हणतात, आणि कन्नडमध्येही 'चाडी'च. 'चाडी हेळू' म्हणजे चहाडी सांग. लहानपणी मला वाटायचं आमच्या कानडी शेजाऱ्यांनी आपला शब्द उचलला. तेलुगूतही 'चाडी' आहे हे पुढे कळलं आणि वाटलं, उचलला असेल तर आपणच. 'चुगली' फारसीतून आली. म्हणजे या कामासाठी मराठीने दोन्ही बाजूंनी शब्द मागवलेत.

जुना शब्दकोश

चहाडी कन्नडमधून आली असं एवढ्यावरून ठरत नाही. शेजारच्या भाषांत शब्द दोन्हीकडे जातात. आधी जुन्या मराठीतले दाखले पाहायला हवेत.

रेवदंड्याची लेक

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. आजोळ रेवदंड्याजवळचं, आता राहते इस्राएलमधल्या अशदोदला. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे असे शोधताय जणू हा विषय मराठीत पहिल्यांदाच येतोय. आमची माणसं कोकणात शतकानुशतकं मराठीत बोलत आली, सण पाळत आली, आणि एकोणिसाव्या शतकापासून हिब्रू प्रार्थना मराठीत छापल्याही गेल्या. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमच्या जुन्या माणसांचं नाव 'दारफाळणीचा सण'. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे, दिवसभर उपास, बाहेरच्या कुणाशी संबंध नाही. त्या दिवशी जे पापांचे कबुलीजबाब म्हणतात त्यात जिभेने केलेल्या पापांच्या ओळी पुन्हा पुन्हा येतात.

माझी आजी हिब्रू वाचायला कधी शिकली नाही. लाशोन हारा हा शब्द तिच्या तोंडी मी ऐकला नाही. ती म्हणायची, 'कुणाचं उणं काढू नको.' आम्ही पोरी अंगणात बसून कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या सोडचिठ्ठीचं बोलायला लागलो की ओटीवरून आवाज यायचा, 'उणं काढताय गं?' एखादी म्हणायची, 'अगं आजी, खरंच झालंय तसं.' त्यावर ती म्हणायची, 'खरं नसतं तर खोटं बोललीस म्हटलं असतं. उणं काढलंस म्हणतेय.'

उणं काढणं. उणं असतं, म्हणूनच तर काढता येतं.

ठाण्याची अनुवादक

'उणं काढणं' मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय. आभार कसे मानू कळत नाही.

माणदेशी

फार सुंदर. पण एक शंका आहे. आमच्याकडे तोंडावरही उणं काढतात. 'सून माझं उणं काढते' म्हणजे समोरासमोर दोष दाखवते. लाशोन हारा पाठीमागेच लागते ना?

रेवदंड्याची लेक

नाही. ज्याच्याबद्दल बोलताय तो समोर बसलेला असला तरी ते लाशोन हाराच. 'मी त्याच्या तोंडावरही हेच म्हणेन' ही पळवाट चालत नाही.

कोर्टातला माणूस

खऱ्या-खोट्याचा मुद्दा निघालाय म्हणून सांगतो. कायद्यात 'अब्रुनुकसानी' म्हणतात, आणि खरं असलं की सुटलो असा सर्वसाधारण समज आहे. फौजदारीत तसं नाही. जुन्या दंड संहितेचं कलम ४९९, जे १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३५६ मध्ये आलं, त्याचा पहिला अपवाद म्हणतो की विधान खरं आणि सार्वजनिक हिताचं असलं पाहिजे. नुसतं खरं पुरत नाही. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पुरेसा बचाव असतो.

ताईंना विचारायचंय, ज्यू नियमांत असा काही अपवाद आहे का? कुणी पैसे बुडवणारा आहे हे मला ठाऊक असेल आणि माझा मित्र त्याला कर्ज द्यायला निघाला असेल, तर मी गप्प बसायचं?

ठाण्याची अनुवादक

आहे. त्याला 'तोएलेत' म्हणतात, म्हणजे उपयोग, हित. १८७३ मध्ये विल्ना (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) इथे 'हाफेत्स हाईम' नावाचा ग्रंथ छापला गेला, संपूर्ण याच एका विषयावर. नावाचा अर्थ 'जगण्याची आस असलेला'. ते बायबलमधल्या ३४व्या स्तोत्रातून घेतलंय. जगण्याची आस कुणाला आहे, असं विचारून तिथे लगेच म्हटलंय की त्याने आपली जीभ वाइटापासून राखावी. लिहिणारे रादुन गावचे रब्बी (धर्मगुरू) इस्राएल मेईर कागन. पुढे लोक त्यांनाच हाफेत्स हाईम म्हणू लागले. मित्राला सावध करणं त्यांना मान्य आहे, पण अटींवर. गोष्ट स्वतः खात्री केलेली हवी. तिखटमीठ लावायचं नाही. हेतू खरोखर मित्राला वाचवण्याचा हवा, जुना राग काढण्याचा नको. न बोलता काम होत असेल तर बोलायचं नाही. आणि सांगितल्यामुळे त्या माणसाला त्याच्या चुकीपेक्षा जास्त भोगावं लागू नये.

मला सगळ्यात लागलेला नियम वेगळाच आहे. त्याला म्हणतात 'आवाक लाशोन हारा', म्हणजे वाईट जिभेची धूळ. मैमोनिदेसने दिलेलं उदाहरण असं: 'त्याचं नाव काढू नका, काय झालं ते मला सांगायचंच नाहीये.' मराठीत आपण हे रोज म्हणतो. 'जाऊ दे, मी काही बोलत नाही.' हे वाक्य मी स्वतः गेल्या आठवड्यात एका नातेवाइकाबद्दल फोनवर म्हणाले. समोरची तीन सेकंद गप्प राहिली, मग म्हणाली, 'कळलं.' काय कळलं तिला? मी तर काहीच सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच्या मनाने जे भरलं ते मी आता परत कसं घेऊ?

माणदेशी

ऐकणाऱ्याचं काय?

ठाण्याची अनुवादक

तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय की ही जीभ तिघांना मारते: बोलणाऱ्याला, ऐकून मानणाऱ्याला आणि ज्याच्याबद्दल बोललं त्याला. मैमोनिदेस पुढे म्हणतो, मानणाऱ्याचं बोलणाऱ्यापेक्षा जास्त. इथे मला मराठी शब्द आपोआप सुचला, 'हलक्या कानाचा'. 

आता माझा दुसरा अडलेला शब्द: 'ओनाअत देवारीम'. 'ओनाआ' हा बाजारातला शब्द आहे. मिश्ना हा तालमुदाच्या मुळाशी असलेला नियमसंग्रह. त्याप्रमाणे मालाच्या किमतीच्या एक-षष्ठांशाइतकं जास्त घेतलं की ती ओनाआ. आणि तीच मिश्ना म्हणते, जशी खरेदी-विक्रीत ओनाआ, तशीच शब्दांतही. चुकीच्या वाटेवरून परत आलेल्याला 'पूर्वी काय करत होतास आठव' म्हणू नये. आणि घ्यायचं नसेल तर दुकानदाराला 'हे केवढ्याला' असं विचारू नये.

मी 'शाब्दिक इजा' लिहिलंय आणि ते मलाच बेचव वाटतंय.

कोर्टातला माणूस

नाडणे! सावकार नाडतो, व्यापारी अडल्या माणसाला नाडतो. 'शब्दांनी नाडणे'. बाजारही राहतो आणि दुखावणंही.

जुना शब्दकोश

'नाडणे'ला माझी हरकत नाही. शुद्ध मराठी आहे.

कापडदुकानातला नातू

किंमत विचारण्याचं वाचलं आणि आजोबा डोळ्यांसमोर आले. तालुक्याच्या गावी आमचं कापडाचं दुकान होतं. गादीवर पांढरी चादर, मागे ठाणांची मांडणी. लग्नसराईत एक कुटुंब आलं, दुपारी दोनपासून पाचपर्यंत बसलं. आजोबांनी तीसेक लुगडी उलगडली, चहा मागवला. शेवटी त्यातल्या बाई म्हणाल्या, 'आम्ही घेतलंय हो कालच शहरातून, फक्त भाव बघत होतो, फसलो तर नाही ना.' आजोबा हसले, 'बरं केलंत' म्हणाले. मग दिवा लागेपर्यंत एकेक लुगडं जुन्या घडीवर घडी बसवून ठेवत होते. मला हात लावू दिला नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. कष्टाचं त्यांना काही नव्हतं, कष्ट रोजचेच होते. ही गोष्ट सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी नियम म्हणून लिहून ठेवली होती, हे आज कळलं.

माणदेशी

तुमच्या आजोबांबद्दल वाईट वाटतं. पण हा नियम गरिबाला परवडणारा नाही. मंडईत चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय माझी आई भाजी घेऊ शकत नव्हती. चौघांपैकी तिघांकडून ती घेणार नव्हतीच. तिने पाप केलं?

रेवदंड्याची लेक

नाही हो. तुमच्या आईला भाजी घ्यायची होती. चौथ्याकडचा भाव जास्त निघाला असता तर ती पहिल्याकडे परतली असती. नियम ज्याला घ्यायचंच नाही त्याच्यासाठी आहे. आणि ते विचारणाऱ्यालाच माहीत असतं, दुकानदाराला कळायला मार्ग नाही. म्हणून तालमुद म्हणतो, ही गोष्ट मनाच्या हवाली केलेली आहे, आणि मनाच्या हवाली असलेल्या गोष्टीबद्दल शास्त्रात म्हटलंय, देवाचं भय धर.

जुना शब्दकोश

बाजारावरून आठवलं. 'राखील' म्हणजे चहाडखोर आणि 'रोखेल' म्हणजे फेरीवाला, ही हिब्रूतली जोडी जुने भाष्यकार एकत्र मांडतात. एकाकडून माल घेऊन दुसऱ्याला विकावा तशा गोष्टी. आपल्याकडे हेच काम कासारणी आणि बोहारणी करायच्या. बांगड्या भरता भरता या घरचं त्या घरी. रखिलूतला या अंगाने शब्द घडवता येईल.

बांगडीवालीची नात

कृपा करून घडवू नका. माझी आजी डोक्यावर पाटी घेऊन बारा गावं फिरायची. सासुरवाशिणीचा हात हातात घेतला की ती पहिलं वाक्य बोलायची, 'तुझ्या आईला भेटले परवा, बरी आहे.' पोरगी तिथेच रडायची. परत जाताना आईला सांगायची, 'पोर सुखात आहे.' कधी कधी पोर सुखात नसायची, मनगटावर वळ दिसायचे, तेव्हा ती काय बोलायची आणि कुणाला, हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. गावोगावच्या घरांचं सगळं तिला ठाऊक होतं आणि ते घेऊन ती गेली. तुमचे भाष्यकार फेरीवाल्याबद्दल काय म्हणाले मला माहीत नाही, पण एका अख्ख्या जातीच्या बायकांबद्दल तुम्ही आत्ता जे लिहिलंत, त्याला या धाग्यात कोणता शब्द द्यायचा?

जुना शब्दकोश

तुमचं बरोबर आहे. मी माझं विधान मागे घेतो. वर ते तसंच दिसत राहील याचं वाईट वाटतं.

ठाण्याची अनुवादक

सध्या असं केलंय: मजकुरात 'लाशोन हारा' तसंच ठेवलं आणि पहिल्या वेळी लिहिलं, 'खरं असूनही दुसऱ्याचं उणं काढणं'. रखिलूतला लावालावी. ओनाअत देवारीमला शब्दांनी नाडणं. चारचौघांत एखाद्याला खाली मान घालायला लावणं, यासाठी तालमुदात 'चेहरा पांढरा करणं' म्हणतात आणि ते रक्त सांडण्यासारखं मानतात, कारण लाली जाते आणि पांढरेपणा येतो. तिथे आधी 'पाणउतारा' लिहिलं होतं. ते खोडून 'चेहरा पांढराफटक पाडणं' केलं. समासवाल्या गृहस्थांना आज पाठवते.

बेळगावचा

'लावालावी' की 'लावालाव'? आमच्याकडे 'लावालाव' ऐकलंय.

माणदेशी

लावालावी. 'लावालाव' म्हणजे ऊस लावायची घाई.

बेळगावचा

नाही हो, माझी मावशी भांडणाबद्दलच म्हणते. उद्या विचारून सांगतो.