मदत हवी आहे: वेल्डिंगनंतर हेडरचा फ्लँज वाकतोय

जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनासाठी हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे पाइप) घरीच बनवतोय. फ्लँज (पाइप जोडलेली, इंजिनाच्या सिलिंडर हेडला बोल्टने बसणारी सपाट पट्टी) १० मिमी माइल्ड स्टीलचा, पाइप ३०४ स्टेनलेसचे, जाडी १.६ मिमी. टिग वेल्डिंग, ३०९एल फिलर (भरणीची तार), पाइपात आतून आरगॉन वायू. फ्लँज २० मिमी प्लेटवर बोल्टने आवळून, पोर्ट (प्रत्येक सिलिंडरच्या धुराचं भोक) आलटून-पालटून वेल्ड केले आणि पूर्ण थंड झाल्यावरच सोडला. तरी दोन्ही टोकं सिलिंडर हेडपासून ०.८ मिमी दूर. वेल्ड आकसताना पाइपाच्या बाजूला ओढणार हे मान्य, पण एवढ्या फटीत गॅस्केट जळणारच. (बोल्ट आवळून बसेल असं कृपया सांगू नका, स्टड तुटतात.)

मिलिंगवर टोकापासून मधपर्यंत सपाट करून घेऊ, की दुसऱ्या-तिसऱ्या पोर्टच्या मध्ये फ्लँज कापून दोन तुकडे ठेवू? मिलिंगनंतर मधे ९ मिमीच उरेल, चालेल का? आणि पुढच्या वेळी उलट दिशेला आधीच बाक द्यायचा, तर किती?