घराण्याचं दप्तर: आधी रुमालाची नोंद की पत्रापत्राची यादी?

दप्तरवेडा
आमच्या वाचनालयाला एका जुन्या घराण्याने आपले कागद दिलेत. मोडी पत्रं, जमाखर्च, वतनाचे कागद, गेल्या शतकातली घरगुती पत्रं, सगळं रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत. कार्यकारिणीचं म्हणणं, रुमाल सोडून पत्रं तारीखवार लावू आणि एकेकाचा गोषवारा लिहू. माझा याला ठाम विरोध आहे. मोडी पत्रात बऱ्याचदा नुसतं ‘छ १२ रबिलावल’, म्हणजे हिजरी महिना आणि त्यातली चंद्रतारीख असते, सालाचा पत्ताच नसतो. पत्रावरची पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, तीही पुष्कळदा तशीच. अशा वेळी साल लावायला आधार कशाचा? त्याच गठ्ठ्यातल्या शेजारच्या कागदांचा. गठ्ठा मोडला की तो आधार गेलाच. म्हणून आधी रुमालवार नोंद करा: कागद कोणाचे, कुठून आले, साधारण काळ कोणता, किती आहेत.

कृष्णाकाठ
अजिबात पटलं नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा, म्हणजे मूळ कागदांचा, पहिला खंड काढला, इतिहासकार वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं काळाच्या क्रमाने छापली, म्हणून तर पेशवाईवर आज पुराव्यानिशी बोलता येतं. रुमालावर ‘किरकोळ पत्रे’ अशी चिठ्ठी लावली की आत काय आहे ते कुणाला कळणार? आणि उद्या एखादा कागद गेला तर तो होता हे सिद्ध कसं करणार?

दप्तरवेडा
छापील खंड तारीखवार असावेतच. पण खंड म्हणजे निवड, दप्तर म्हणजे मूळ. त्याच १८९८ साली हॉलंडमध्ये तीन अभिलेखपालांनी, म्हणजे जुनी दप्तरं सांभाळणाऱ्यांनी, दप्तराची मूळ रचना जपण्याचं तत्त्व नियमांत बांधलं. तारीखवार क्रम संगणकावरच्या यादीत हवा तेव्हा लावता येतो, मोडलेला गठ्ठा परत बांधता येत नाही. चोरीची भीती खरी आहे. त्यासाठी आहे त्या क्रमात प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने अंक घाला. त्याला मोडी वाचता यावी लागत नाही.

माहेरवाशीण
तुम्ही दोघंही पेशवाईतच अडकलात. घरगुती पत्रांचं काय? ‘कौटुंबिक पत्रव्यवहार, १ गठ्ठा’ एवढंच लिहिलंत तर सासरहून माहेरी पत्र लिहिणारी बाई यादीत कुठेच दिसणार नाही. दप्तर पुरुषाच्या नावावर, आणि ती ‘कौटुंबिक’. निदान पत्रं कोणी कोणाला लिहिली ती नावं तरी हवीतच. दुसरं, त्या पत्रांत आजारपणं असतील, भाऊबंदकी असेल, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची मुलं आज हयात असतील. न वाचता गठ्ठा वाचकाच्या हातात देणं मला मान्य नाही.

मोडीलेखक
पत्रागणिक गोषवारा म्हणणाऱ्यांनी एकदा मोडी वाचायला बसावं. घाईत लिहिलेलं अक्षर असेल तर एकेका पत्रात अर्धा दिवस जातो, आणि सराईत वाचणारे आहेत किती? तोवर अख्खं दप्तर कपाटात बंद. रुमालाची नोंद झाली तर अभ्यासक निदान येऊन विचारेल तरी. माहेरवाशीण यांचा मुद्दा मात्र रास्त आहे. घरगुती रुमाल वेगळे नोंदवा, घराण्याशी लेखी बोलणं करा आणि तेवढे काही वर्षं बंद ठेवा.

कृष्णाकाठ
पेन्सिलीचे अंक मान्य. गठ्ठे मोडू नयेत, हेही मान्य. पण ‘यादी नंतर’ याला माझा विरोध कायम आहे. अनुदान एकदाच येतं. पहिला टप्पा संपला की काम झालं असं अहवालात लिहिलं जातं आणि दुसऱ्याला पैसे मिळत नाहीत. निदान वतनाचे आणि बायकांच्या पत्रांचे रुमाल याच अनुदानात पत्रागणिक घ्या, आणि तसं ठरावात लिहून घ्या.