मदत हवी आहे: थंडीचा झटका, ई. कोलाय आणि पटलातली मेदाम्लं

नमस्कार. मी ग्वाल्हेरला बी.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. परवाच्या प्रात्यक्षिकात जे दिसलं त्याचा उलगडा होत नाहीये.

३७ अंशांवर जोमात वाढणारं ई. कोलाय (आतड्यातला एक जिवाणू) घेतलं. अर्धं एकदम बर्फगार माध्यमात ओतलं, अर्धं कोमट माध्यमात ओतून पाऊण तासात सावकाश गार केलं. विरलीकरण दोन्हीकडे सारखंच. झटका बसलेल्या नळीतून वसाहती (जिवंत उरलेल्या पेशींपासून वाढणारे ठिपके) स्पष्टपणे कमी आल्या. रात्रभर वाढवलेल्या जुन्या कल्चरवर मात्र फरक जवळजवळ नाहीच!

पटलाचं, म्हणजे पेशीभोवतीच्या मेदाम्लयुक्त पातळ आवरणाचं, मुलांना मी असं समजावते: आपल्याकडे जानेवारीत खोबरेल बाटलीत दगड होतं, सरसोंचं तेल वाहतं राहतं. संपृक्त मेदाम्लं सरळ, ती दाटीनं बसतात. दुहेरी बंधामुळे बाक आला की दाटी जमत नाही, म्हणून ती उशिरा थिजतात. थंडीत जिवाणू अशी बाकदार मेदाम्लं वाढवून पटलाचा पातळपणा टिकवतो. संशोधक सिनेन्स्की यांनी १९७४ साली हे ई. कोलायमध्येच दाखवलं.

अडतंय ते पुढे. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूची सोय चांगली आहे: डेसके हे प्रथिन पटलातच बसून थंडी ओळखतं, मग डेस एन्झाइम तयार होऊन असलेल्या मेदाम्लांत दुहेरी बंध घालतं. ई. कोलायला ते जमत नाही, नवी मेदाम्लं बनवावी लागतात. त्याचं फॅबएफ हे मेदाम्लं बनवणारं एन्झाइम थंडीत आपसूक जास्त काम करतं हे खरं, पण जुनं पटल बदलायला वेळ लागणारच. सीएसपीए हे थंडीत तयार होणारं प्रथिनही आरएनएच्या गाठी सोडवतं, म्हणजे पुन्हा वाढ सुरू करायला उपयोगी. पहिल्या मिनिटाला पेशी कशाच्या जिवावर तगते?

माझा कयास असा की पटल जागोजागी थिजतं, सांध्यांतून आतला ऐवज गळतो आणि पेशी मरते. हे बरोबर आहे का? पेशी सेंट्रिफ्यूजनं खाली बसवून वरच्या द्रवाचं २६० नॅनोमीटरला (जिथे डीएनए-आरएनए प्रकाश शोषतात) शोषण मोजलं तर गळती दिसेल का? आणि जुन्या कल्चरमधली सायक्लोप्रोपेन मेदाम्लं (दुहेरी बंधाच्या जागी तीन कार्बनांचं कडं असलेली) इथे खरंच उपयोगी पडतात, की त्या पेशींचा चिवटपणा वेगळ्याच कारणानं आहे?

आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ नाही, त्यामुळे मेदाम्लं मोजता येणार नाहीत. पटलाला आधार म्हणून माध्यमात मॅग्नेशियम घालून कुणी हा प्रयोग केला असेल तर किती घातलं तेही कृपया सांगा. पुढची बॅच गुरुवारी आहे.