मदत हवी आहे : काश्मिरी माशीमार पाहण्यासाठी नुवारा एलियाला जाण्याविषयी

नमस्कार. काश्मीर आणि पीर पंजाल परिसरातील जंगलांत वीण करून हिवाळ्यासाठी श्रीलंकेच्या डोंगराळ भागात उतरणारा काश्मिरी माशीमार पाहण्यासाठी मी जानेवारीअखेर नुवारा एलियाला जाणार आहे. जंगलतोडीमुळे ‘असुरक्षित’ ठरलेला हा चिमुकला गायक पक्षी तेथील व्हिक्टोरिया पार्कमध्ये दिसतो, हे मला ठाऊक आहे. मात्र बागेत दिवसभर पर्यटकांची वर्दळ असल्यामुळे पहाटे जाणे बरे की संध्याकाळी, आणि ओढ्याकाठची झाडी पाहावी की उंच झाडांखालची मोकळी जागा, याविषयी तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

नराच्या तांबूस-केशरी कंठाला व छातीला काळी किनार असल्याने तो ओळखता येईल. खरी अडचण मादीची आहे, कारण महाराष्ट्रात हिवाळ्यात येणाऱ्या लाल छातीच्या माशीमाराच्या मादीशी तिचे फार साम्य आहे. प्रत्यक्ष पाहताना आपण कोणत्या खुणेवर विसंबता? निलगिरीतही हा पक्षी थोड्या संख्येने हिवाळा काढतो, तेव्हा उटीच्या आसपास तो कोणाला अलीकडे दिसला असल्यास तेही कळवावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणारा मार्गदर्शक मात्र मला नको आहे.