इलेक्ट्रॉनिक लोड : हीटसिंक ६८ अंशांवर, तरी मॉसफेट जळतो. मोठा फॅन लावू का?

तापमापी (प्रश्न)

१२ व्होल्ट, १० अँपिअरचा डीसी लोड (वीजपुरवठा तपासायला करंट ओढून त्याची उष्णता करणारा) आहे, म्हणजे सलग १२० वॅट. दोन आयआरएफपी२५०एन मॉसफेट समांतर (करंट ड्रेनमधून सोर्सकडे जातो, किती ते गेट ठरवतं), ड्रेन एकत्र, प्रत्येकाच्या सोर्सला ०.१ ओहम, पण दोन्ही गेट एकाच ऑप-अँपवर (गेट चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर). हीटसिंक अ‍ॅल्युमिनियमचा, १०० × १०० × ४० मिमी, वजन साधारण ४०० ग्रॅम. मॉसफेटखाली ०.२ मिमीचे सिलिकॉन पॅड. फिन्सना टेकवून ८० मिमीचा १२ व्होल्टचा फॅन, हवा फिन्सवर फेकणारा.

अर्ध्या तासानंतरची मापं : खोली ३०, मॉसफेटजवळ हीटसिंकचा बेस ६८, मॉसफेटची धातूची पाठ ११२ अंश. एक मॉसफेट ड्रेन-सोर्स शॉर्ट होऊन गेला. दुप्पट हवेचा फॅन पुरेल का, की हीटसिंकच बदलावा?

लोडबँक

फॅनही बदलू नका, हीटसिंकही नको. मापं तुम्ही व्यवस्थित दिली आहेत आणि उत्तर त्यांतच आहे. सोर्स रेझिस्टरमध्ये जाणारे ५ वॅट सोडून देऊन हिशेब करू.

हवा ते हीटसिंक : (६८ − ३०) ÷ १२० = ०.३२ अंश प्रति वॅट. या आकाराच्या हीटसिंकला फॅनसकट एवढं मिळतंय म्हणजे चांगलंच चाललंय.

हीटसिंक ते मॉसफेटची पाठ : (११२ − ६८) ÷ ६० = ०.७३ अंश प्रति वॅट. ६० अशासाठी, की प्रत्येक पॅडमधून निम्मीच उष्णता जाते. दुखणं इथे आहे.

पाठ ते जंक्शन (आतली चिप) : डेटाशीटप्रमाणे ०.७. म्हणून जंक्शन ११२ + ४२ = १५४ अंश. कमाल मर्यादा १७५.

आता दुप्पट हवेचं बघा. फिन्समधला वेग दुप्पट केला की उष्णतेचा रोध (वर काढलेले अंश प्रति वॅट) निम्मा होत नाही, साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे ०.३२ चा ०.२२ च्या आसपास. बेस ५७ वर येईल, जंक्शन १४३ वर. कमाई ११ अंश. त्यासाठी त्याच फॅनचे फेरे दुप्पट केले तर आवाज सुमारे १५ डेसिबल वाढतो आणि वीज आठपट लागते.

त्याऐवजी पॅड काढा. मॉसफेटची धातूची पाठ म्हणजेच ड्रेन, आणि तुमचे दोन्ही ड्रेन तसेही जोडलेलेच आहेत, मग दोन मॉसफेट एकमेकांपासून वेगळे ठेवायचं कारणच नाही. उघड्या धातूवर पातळ पेस्ट लावून थेट बसवले तर सांध्याचा रोध ०.१५ ते ०.२ वर येतो. ०.१५ धरला तर पाठ ७७, जंक्शन ११९. तोच फॅन, तोच हीटसिंक, ३५ अंश कमी.

बसवताना :

– भोकाच्या कडेची बर (उभी राहिलेली धातूची धार) मोठ्या ड्रिल बिटने हाताने फिरवून काढा. नखाला जाणवेल इतकी बर राहिली तरी मॉसफेट एका बाजूने उचललेला राहतो.
– सपाट काचेवर ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून बेस घासा. अ‍ॅनोडाइझ थर मॉसफेटखाली नको.
– पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी. दाबल्यावर कडेने बारीक रेघ दिसली की बास. पेस्टचं काम खाचा भरण्याचं. जाड थर उलट अडथळा होतो.
– एम३ स्क्रू, स्प्रिंग वॉशर, घट्टपणा ०.६ न्यूटन-मीटरच्या आसपास. चिप भोकाच्या खाली, बॉडीच्या मध्यावर असते, म्हणून मधोमध दाबणारी स्प्रिंग क्लिप मिळाली तर ती स्क्रूपेक्षा सरस.

यानंतर हीटसिंकवर ड्रेनचं व्होल्टेज येतं. तो कॅबिनेटपासून नायलॉन स्टँडऑफवर वेगळा ठेवा. कॅबिनेटला अर्थिंग असेल तर हे चुकवून चालणार नाही. फॅनचे स्क्रूही तपासा, बऱ्याचदा शॉर्ट तिथूनच होतो.

फिनमार्ग

वरच्या हिशेबाशी सहमत. हवेच्या बाजूने थोडी भर.

फॅनच्या मधल्या हबखाली हवा जवळपास नसते. फॅन फिन्सना टेकवला की नेमका मधला भाग उपाशी राहतो, आणि दोन्ही मॉसफेट मध्यावर जवळजवळ असतील तर ते त्याच भागामागे येतात. फॅन आणि फिन्समध्ये १० ते १५ मिमी अंतर ठेवा, चारही बाजू पुठ्ठ्याने किंवा पत्र्याने बंद करा. मॉसफेट लांब सरकवा : बेसचे दोन भाग कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर एक.

फॅनच्या खोक्यावरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिन्सचा अडथळा आला की निम्माही मिळेल याची खात्री नाही. खरा प्रवाह आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातून काढा : सीएफएम = १.७६ × वॅट ÷ फरक. १२० वॅटला फरक १० अंश आला तर सुमारे २१ सीएफएम वाहतंय. २० अंश आला तर फक्त साडेदहा.

थर्मोकपल फॅनच्या तोंडाशीही धरा. तिथे खोलीपेक्षा ५-७ अंश जास्त दिसले तर फॅन आपलीच गरम हवा परत ओढतोय. तो फरक जसाच्या तसा जंक्शनवर चढतो, मग हीटसिंक कितीही भारी असो.

इन्फ्रारेड गनने मापत असाल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर आकडा फार कमी येतो. काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, गरम होऊ द्या, मग टेपवर मापा.

गेटसोर्स

मॉसफेट नेमका का गेला, ते एकाच ऑप-अँपमध्ये दडलंय. आयआरएफपी२५०एनचं थ्रेशोल्ड (गेट उघडू लागतं ते व्होल्टेज) २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतं. ०.१ ओहमवर पाव व्होल्टचा फरक म्हणजे २.५ अँपिअरची तफावत : एकात ६.२५, दुसऱ्यात ३.७५. वॅट झाले ७५ आणि ४५. तुमच्याच पॅडने हिशेब केला तर पहिल्याचं जंक्शन ६८ + ७५ × १.४३ = १७५. सरासरी मापात हे दिसतच नाही.

शिवाय हा स्विचिंगचा मॉसफेट आहे. गेट जेमतेम उघडं असताना चिपचा गरम भाग जास्त करंट ओढतो, त्याने तो आणखी तापतो. म्हणून प्रत्येक मॉसफेटला स्वतंत्र ऑप-अँप द्या, ज्याचा त्याचा सोर्स रेझिस्टर वाचणारा. जागा असेल तर दोनाऐवजी चार मॉसफेट लावा, प्रत्येकी ३० वॅट : हेच पॅड ठेवूनही जंक्शन १११ वर राहतं. मला तरी हा सगळ्यात निर्धास्त उपाय वाटतो.

तापमापी

दोन्ही पॅड काढले, फॅन १२ मिमी वर घेतला. बेस ६६, पाठ ७७. ऑप-अँप वेगळे करतोय. फॅन बंद पडला तर किती वेळ मिळेल? आणि हीटसिंक वेगळा ठेवणं शक्य नसेल तर पॅडऐवजी काय?

लोडबँक

६० वॅटला ११ अंश, म्हणजे ०.१८. सांधा नीट बसला.

वेगळं ठेवता येत नसेल तर १ मिमीची अ‍ॅल्युमिना सिरॅमिक प्लेट, दोन्ही बाजूंना पेस्ट, रोध ०.३५ ते ०.४. अभ्रक त्यानंतर. जाड मऊ पॅड या वॅटेजला अजिबात नको, आणि सिलिकॉन पॅडवर पेस्ट लावू नका, फायदा काही नाही.

फॅन थांबला तर ४०० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमला एक अंश चढायला सुमारे ३६० जूल लागतात, म्हणजे १२० वॅटला मिनिटाला २० अंश. ६६ वरून ८५ व्हायला जेमतेम मिनिट. बेसवर मॉसफेटजवळ ८५ अंशांचा नॉर्मली क्लोज्ड (तापल्यावर उघडणारा) थर्मल स्विच स्क्रूने बसवा आणि तो लोडच्या एनेबल लाइनमध्ये (लोड चालू-बंद करणारी वायर) घाला. त्या क्षणी जंक्शन ८५ + ६० × ०.८८, म्हणजे १३८ च्या आसपास असेल. जुन्या पॅडवर हाच स्विच उघडेपर्यंत जंक्शन १७१ वर गेलं असतं, म्हणून पॅड परत लावलेत तर ७० चा स्विच घ्या. तीन वायरींचा फॅन असेल तर टॅकोची (फेरे मोजणारी) वायरही वाचा : बहुतेक फॅन फेऱ्याला दोन पल्स देतात. पल्स थांबल्याबरोबर लोड बंद केला तर थर्मल स्विचपर्यंत वेळच येत नाही.